खनिजांच्या ऊष्मागतिकीय गुणधर्मांचे सांख्यिकीय आकलन

खनिजांच्या ऊष्मागतिकीय गुणधर्मांचे सांख्यिकीय आकलन ही भूरसायनशास्त्र व खनिजविज्ञान यांतील एक पद्धती आहे. खनिजाची एंथॅल्पी, एंट्रॉपी, उष्णता धारकता, घनफळ व गिब्ज मुक्त ऊर्जा या राशींची मूल्ये प्रत्यक्ष मापनांवरून, किंवा मापन उपलब्ध नसल्यास तत्सम खनिजांच्या ज्ञात मूल्यांवरून ठरविणे आणि त्या मूल्यांबरोबर त्यांची अनिश्चितताही सांगणे, असे तिचे स्वरूप आहे. 'आकलन' हा शब्द येथे संख्याशास्त्रातील पारिभाषिक अर्थाने, म्हणजे उपलब्ध माहितीवरून अज्ञात राशीचे मूल्य काढणे या अर्थाने वापरला जातो.

एखादे खनिज कोणत्या तापमानाला व दाबाला टिकून राहील, कशात रूपांतरित होईल, पाण्यात किती विरघळेल, या प्रश्नांची उत्तरे या राशींवर अवलंबून असतात. खडक भूगर्भात किती खोलीवर तयार झाला, विहिरीच्या पाण्यातून चुन्याचा थर बसेल की नाही, बेसाल्ट खडकात कार्बन डाय-ऑक्साइड कायमचा कोंडता येईल का, हे सर्व हिशेब याच आकड्यांवर उभे असतात. महाराष्ट्रात या विषयाचा संबंध प्रामुख्याने दोन ठिकाणी येतो : नाशिक, पुणे व मुंबई परिसरांतील दख्खनच्या बेसाल्टात आढळणारी झिओलाइट खनिजे आणि भंडारा जिल्ह्यातील कायनाइट व सिलिमनाइट यांचे साठे.

== मूलभूत राशी ==

स्थिर तापमान व दाब असताना कोणतीही विक्रिया गिब्ज मुक्त ऊर्जा कमी होण्याच्या दिशेने घडते. ही ऊर्जा म्हणजे एंथॅल्पीतून तापमान व एंट्रॉपी यांचा गुणाकार वजा करून येणारी राशी होय. विक्रियेच्या दोन्ही बाजूंची मुक्त ऊर्जा समान झाली, की समतोल साधतो. म्हणून ठरावीक दाबाला समतोलाचे तापमान हे विक्रियेतील एंथॅल्पी-फरकाला एंट्रॉपी-फरकाने भागून मिळते.

मूल्ये सामान्यतः २५ अंश सेल्सिअस (२९८.१५ केल्व्हिन) व १ बार दाब या प्रमाणभूत स्थितीसाठी देतात. उदाहरणार्थ, क्वॉर्ट्झची मूलद्रव्यांपासून तयार होण्याची एंथॅल्पी −९१०.७ ± १.० किलोज्यूल प्रति मोल, एंट्रॉपी ४१.४६ ± ०.२० ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन आणि मोलीय घनफळ सुमारे २२.७ घन सेंटीमीटर आहे. द्रवरूप पाण्याची एंथॅल्पी −२८५.८३० ± ०.०४० किलोज्यूल प्रति मोल इतक्या काटेकोरपणे ज्ञात आहे. '±' या चिन्हापुढील आकडा शोभेचा नसून मूल्याइतकाच महत्त्वाचा असतो.

== मापनाचे मार्ग ==

'''उष्णतामापन''' : खनिज आम्लात किंवा उच्च तापमानाच्या वितळलेल्या ऑक्साइडात विरघळवून त्या वेळी शोषली वा बाहेर पडलेली उष्णता मोजतात आणि तीवरून एंथॅल्पी काढतात. एंट्रॉपीसाठी निरपेक्ष शून्याच्या निकटपासून खोलीच्या तापमानापर्यंत उष्णता धारकता मोजून तिचे संकलन करतात.

'''समतोल प्रयोग''' : दोन खनिजसमूह ठरावीक तापमान-दाबाखाली एकत्र ठेवून कोणता वाढतो व कोणता घटतो हे पाहतात. अशा प्रयोगातून समतोलाचे नेमके तापमान मिळत नाही. 'या तापमानाला पहिले खनिज स्थिर, त्या तापमानाला दुसरे' अशी वरची व खालची मर्यादा तेवढी मिळते. गणिताच्या भाषेत ही दोन असमता होत.

'''विद्राव्यता''' : पाण्यात खनिज किती विरघळते यावरून त्याचा समतोलांक व त्यावरून मुक्त ऊर्जा काढता येते.

ही तीनही साधने स्वतंत्र आहेत. एकाच खनिजाबाबत त्यांची उत्तरे तंतोतंत जुळत नाहीत, आणि सांख्यिकीय पद्धतींची गरज येथूनच सुरू होते.

== मापन नसताना आकलन ==

ज्ञात खनिजांची संख्या काही हजारांत आहे. त्यांपैकी थोड्यांचेच पूर्ण ऊष्मागतिकीय मापन झाले आहे. उरलेल्यांसाठी पुढील पद्धती वापरल्या जातात.

'''बेरजेचा नियम''' : द्यूलाँ व पेती यांनी १८१९ मध्ये घन मूलद्रव्यांच्या आण्वीय उष्णतेत साम्य असल्याचे दाखविले. पुढे हेर्मान कॉप यांनी संयुगाची उष्णता धारकता ही घटकांच्या उष्णता धारकतांची बेरीज असते, असा नियम मांडला. खनिजांसाठी मूलद्रव्यांऐवजी ऑक्साइडे घटक म्हणून घेतात.

'''घनफळाची दुरुस्ती''' : घट्ट रचनेच्या स्फटिकात अणूंच्या कंपनांना वाव कमी असतो व एंट्रॉपी घटते. त्यामुळे बेरजेत घनफळानुसार दुरुस्ती करतात. टिम हॉलंड यांनी १९८९ मध्ये सिलिकेट व ऑक्साइड खनिजांसाठी एंट्रॉपी व घनफळ यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

'''बहुफलकांची बेरीज''' : अणूभोवती किती ऑक्सिजन आहेत यानुसार प्रत्येक बहुफलकाला वेगळे मूल्य देतात. चरमॅक व रिमस्टिट यांनी १९८९ मध्ये सिलिकेट खनिजांच्या एंथॅल्पी व मुक्त ऊर्जा यांसाठी अशी मूल्ये दिली.

या पद्धती कितपत विश्वसनीय आहेत हे ज्ञात खनिजांवर पडताळता येते. फॉर्स्टेराइट हे ऑलिव्हीन गटातील खनिज दोन मॅग्नेशियम ऑक्साइड व एक सिलिका यांचे बनलेले आहे. दोन पेरिक्लेज (प्रत्येकी २६.९५) व एक क्वॉर्ट्झ (४१.४६) यांच्या एंट्रॉपींची बेरीज सुमारे ९५.४ येते. मापनाने मिळालेले मूल्य सुमारे ९४.१ आहे. चूक दीड टक्क्याहून कमी आहे.

मात्र हाच नियम कायनाइट, अँडॅलुसाइट व सिलिमनाइट या त्रयीला लावल्यास वेगळे चित्र दिसते. तिन्हींचे रासायनिक सूत्र एकच, म्हणजे एक ॲल्युमिनियम ऑक्साइड व एक सिलिका. त्यामुळे कोरंडम (५०.९) व क्वॉर्ट्झ (४१.५) यांची बेरीज तिन्हींसाठी ९२.४ हीच येते. घनफळाची दुरुस्ती दर घन सेंटीमीटरमागे १ ज्यूल प्रति केल्व्हिन या गुणांकाने केल्यास पुढील आकडे मिळतात (ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन) :

* कायनाइट : नुसती बेरीज ९२.४, दुरुस्तीनंतर ८८.२, मापन सुमारे ८२.८
* अँडॅलुसाइट : नुसती बेरीज ९२.४, दुरुस्तीनंतर ९५.७, मापन सुमारे ९१.४
* सिलिमनाइट : नुसती बेरीज ९२.४, दुरुस्तीनंतर ९४.०, मापन सुमारे ९५.४

दुरुस्तीमुळे चुकांचे वर्गमध्यमूळ सुमारे ५.८ वरून ४.१ वर येते, म्हणजे सरासरीने सुधारणा होते. परंतु अँडॅलुसाइटपुरती चूक १ वरून ४.३ पर्यंत वाढते. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की दुरुस्त मूल्यांनुसार अँडॅलुसाइटची एंट्रॉपी सिलिमनाइटपेक्षा जास्त ठरते. प्रत्यक्षात ती कमी आहे. नुसत्या आकलनावर विसंबल्यास या दोहोंपैकी उच्च तापमानाला कोणते खनिज टिकते याचे उत्तरच उलटे येईल. कायनाइटात ॲल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात, अँडॅलुसाइटात निम्म्या ॲल्युमिनियमभोवती पाच व सिलिमनाइटात निम्म्याभोवती चार. हा फरक ऑक्साइडांच्या बेरजेत उमटत नाही.

== अनिश्चिततेचा परिणाम ==

खनिजांच्या एंथॅल्पी हजारो किलोज्यूलच्या घरात असतात, तर विक्रियेतील फरक काही किलोज्यूलांचाच असतो. मोठ्या संख्यांच्या लहान फरकावर सर्व गणित अवलंबून असल्याने मुळातील किरकोळ चूक निष्कर्षात अवाढव्य होते.

वरील त्रयीतील प्रत्येकाची एंथॅल्पी −२५९० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास आहे. अँडॅलुसाइटाचे सिलिमनाइट होताना एंट्रॉपीत होणारी वाढ सुमारे ४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन इतकीच आहे. एंथॅल्पी-फरकात १ किलोज्यूलची चूक, म्हणजे २५९० च्या मानाने ०.०४ टक्के, झाली तर समतोलाचे तापमान १००० भागिले ४, म्हणजे २५० अंशांनी सरकते.

विद्राव्यतेच्या गणितातही असेच घडते. २५ अंश सेल्सिअसला मुक्त ऊर्जेत ५.७ किलोज्यूलची चूक म्हणजे समतोलांकात दहापट चूक होय. २ किलोज्यूलची चूकसुद्धा समतोलांक सव्वादोनपट बदलते.

=== त्रिक बिंदूचा वाद ===

कायनाइट, अँडॅलुसाइट व सिलिमनाइट ही तिन्ही खनिजे ज्या एकाच तापमान-दाबाला एकत्र टिकतात त्या त्रिक बिंदूच्या स्थानाविषयीचा वाद हे या विषयातील गाजलेले उदाहरण आहे. रिचर्डसन, गिल्बर्ट व बेल यांनी १९६९ मध्ये तो सुमारे ६२० अंश सेल्सिअस व ५.५ किलोबार येथे दाखविला. होल्डवे यांनी १९७१ मध्ये तो ५०१ अंश सेल्सिअस व ३.७६ किलोबार येथे असल्याचे प्रतिपादन केले. १ किलोबार दाब म्हणजे कवचात सुमारे साडेतीन किलोमीटर खोली असे धरल्यास दोन उत्तरांत सहा किलोमीटरांचे अंतर पडते. म्हणजेच त्याच खडकाविषयी एका आकड्यावरून एक व दुसऱ्यावरून दुसरा पर्वतनिर्मितीचा इतिहास लिहिला जाई. प्रयोगात वापरलेल्या सिलिमनाइटाचे तंतुमय व सूक्ष्मकणी रूप हे या तफावतीचे एक कारण मानले गेले. होल्डवे व मुखोपाध्याय यांनी १९९३ मध्ये सुमारे ५०४ अंश सेल्सिअस व ३.७५ किलोबार असे मूल्य दिले.

भंडारा जिल्ह्यातील साकोली परिसराच्या रूपांतरित खडकांत कायनाइट व सिलिमनाइट ही दोन्ही खनिजे आढळतात व उष्णतारोधक विटांसाठी त्यांचे खाणकाम झालेले आहे. अशा खडकांच्या निर्मितीचे तापमान व खोली सांगताना कोणता त्रिक बिंदू गृहीत धरला हे नमूद करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

== अंतर्गत सुसंगत माहितीसंच ==

एकेका खनिजाचे मूल्य स्वतंत्रपणे निवडल्यास त्या मूल्यांवरून काढलेल्या विक्रिया प्रयोगांशी विसंगत ठरू शकतात. त्यामुळे १९७० च्या दशकापासून सर्व खनिजांची मूल्ये सर्व मापनांशी एकाच वेळी जुळविण्याकडे कल वाढला. अशा संचास अंतर्गत सुसंगत माहितीसंच म्हणतात. हेल्गेसन व सहकारी यांचा १९७८ चा संच हा आरंभीच्या संचांपैकी एक होय. पुढील तीन पद्धती प्रमुख आहेत.

'''लघुतम वर्ग पद्धती''' : मापन व गणित यांतील फरकांच्या भारित वर्गांची बेरीज किमान होईल अशी मूल्ये निवडतात. ज्या मापनाची अनिश्चितता कमी, त्याला भार अधिक. हॉलंड व पॉवेल यांनी १९८५ पासून ही पद्धती वापरून १९९०, १९९८ व २०११ मध्ये विस्तारित संच प्रसिद्ध केले. मूल्यांबरोबर त्यांचे परस्परसंबंधही देणे हा त्यांचा विशेष आहे.

'''गणितीय प्रायोजन''' : समतोल प्रयोगांतून मिळणाऱ्या असमता जशाच्या तशा ठेवून त्या सर्वांची पूर्तता करणारी मूल्ये शोधतात. बर्मन यांचा १९८८ चा संच या पद्धतीचा आहे. प्रयोगाच्या मर्यादांचा मध्यबिंदू हेच खरे मूल्य असे यात मानावे लागत नाही, हा तिचा गुण. मात्र तिच्यातून अनिश्चिततेचा आकडा सहज निघत नाही, ही उणीव.

'''बेझ पद्धती''' : मापनापूर्वीची माहिती संभाव्यतेच्या रूपात मांडून नव्या मापनाने ती सुधारतात. ओल्ब्रिख्ट, चॅटर्जी व मिलर यांनी १९९४ मध्ये खनिजांसाठी या पद्धतीची सैद्धांतिक मांडणी केली. चॅटर्जी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तीवर आधारित माहितीसंच दिला. समजा, एखाद्या खनिजाच्या एंट्रॉपीचे आकलन ९२ ± ५ व मापन ९५ ± १ आहे. भार अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ०.०४ व १, घेतल्यास संयुक्त मूल्य ९४.९ ± ०.९८ येते. चांगले मापन असेल तेथे आकलनाचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. मापन नसेल तेथे तेच आधार देते, परंतु आपल्या ± ५ सह.

=== सहसंबंधाचे महत्त्व ===

दोन खनिजांच्या एंथॅल्पीत प्रत्येकी ± २ किलोज्यूल अनिश्चितता असून त्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असल्या, तर फरकातील अनिश्चितता ± २.८ होते. परंतु दोन्ही मूल्ये एकाच साखळीतील मापनांवरून काढलेली असल्यास त्यांच्या चुका एकाच दिशेने जातात. सहसंबंध गुणांक ०.९९ धरल्यास फरकातील अनिश्चितता केवळ ± ०.२८ उरते. म्हणजे प्रत्येक खनिजाची निरपेक्ष एंथॅल्पी ढोबळ माहीत असूनही त्यांतील फरक बारकाईने माहीत असू शकतो. याच कारणाने एका संचातील एक व दुसऱ्या संचातील दुसरे मूल्य उचलून एकत्र वापरणे ही गंभीर चूक समजली जाते : तसे केल्यास चुका परस्परांना रद्द करीत नाहीत.

== नाशिक-निफाड परिसर व झिओलाइटे ==

दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे असून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले आहेत. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका गोदावरीच्या खोऱ्यात याच थरांवर वसला आहे. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे झिरपत्या पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट, क्वॉर्ट्झ यांसारखी खनिजे साचली. पांढऱ्या ठिपक्यांच्या अशा खडकास विहिरी खोदणारे 'मांजऱ्या' म्हणतात. नाशिकजवळील पांडवलेणी परिसरातील खाणी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट आदी खनिजांच्या नमुन्यांसाठी प्रसिद्ध आहेत. शेजारच्या सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात असे नमुने पाहावयास मिळतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेश्वाला यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये पश्चिम भारतातील दख्खन बेसाल्टातील झिओलाइटांच्या वितरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

जॉर्ज वॉकर यांनी १९६० मध्ये आइसलँडच्या बेसाल्टात झिओलाइटांचे खोलीनुसार पट्टे असल्याचे दाखविले. त्यामुळे ही खनिजे जुन्या तापमानाची खूण मानली जातात. आदर्श सूत्रे घेतल्यास एका स्टिल्बाइटापासून एक लॉमोंटाइट, तीन क्वॉर्ट्झ व पाण्याचे तीन रेणू तयार होतात. ही विक्रिया कोणत्या तापमानाला घडते हे ठाऊक असल्यास खडक किती तापला होता याचा अंदाज येतो.

या अंदाजात अडचणी अनेक आहेत. झिओलाइटातील पाण्याचे प्रमाण हवेतील आर्द्रतेनुसार बदलते. लॉमोंटाइट तर कोरड्या हवेत पाणी गमावून भुगा होऊ लागतो. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे प्रमाण नमुन्यागणिक निराळे असते. कमी तापमानाच्या विक्रिया मंद असल्याने समतोल प्रयोग अवघड जातात. अमेरिकेतील अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट, ह्यूलँडाइट इत्यादींची काटेकोर मापने झाली. पण ती विशिष्ट घटनेच्या नमुन्यांची असून इतर घटनेच्या झिओलाइटांसाठी आकलनाचाच आधार घ्यावा लागतो. विक्रियेतील एंट्रॉपी-फरक ५० ज्यूल प्रति केल्व्हिन व एंथॅल्पी-फरकाची अनिश्चितता ५ किलोज्यूल आहे असे धरल्यास तापमानातील अनिश्चितता १०० अंश होते. ज्या पट्ट्याची एकूण रुंदीच शंभर अंशांच्या आसपास असते, त्यासाठी असे आकलन निरुपयोगी ठरते. म्हणून तेथे भूऔष्णिक विहिरींतील प्रत्यक्ष तापमानाच्या नोंदी अधिक विश्वासार्ह मानतात.

== व्यावहारिक उपयोग ==

'''भूजल व ठिबक सिंचन''' : बेसाल्टातील भूजलात कॅल्शियम व बायकार्बोनेट मुबलक असते. द्राक्षबागांना ठिबक सिंचन करताना पाणी कॅल्साइटाने अतिसंपृक्त असल्यास तोट्यांत क्षार साचून त्या बंद पडतात. पाणी संपृक्त आहे का, हे कॅल्साइटाच्या विद्राव्यता गुणाकारावरून कळते. २५ अंश सेल्सिअसला त्याचा दशमान लघुगणक −८.४८ असून अनिश्चितता सुमारे ०.०२ आहे. पाण्याचा सामू मोजण्यातील ०.१ ची चूक याच्या पाचपट असते. तात्पर्य, येथे खनिजाचा आकडा सुधारण्यापेक्षा सामू विहिरीवरच व काळजीने मोजणे अधिक फलदायी आहे. डोलोमाइटाबाबत उलट स्थिती आहे : सुव्यवस्थित व अव्यवस्थित रचनांसाठी हा लघुगणक अनुक्रमे −१७.०९ व −१६.५४ असा भिन्न येत असल्याने निष्कर्ष कोणते रूप गृहीत धरले यावर ठरतो.

'''कार्बन साठवण''' : आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ पासून बेसाल्टात कार्बन डाय-ऑक्साइड सोडून त्याचे कार्बोनेट खनिजांत रूपांतर करण्याचे प्रयोग झाले. दख्खनच्या बेसाल्टाचाही या दृष्टीने विचार होत आहे. अशा पूर्वानुमानात सोबत तयार होणाऱ्या झिओलाइट व मृत्तिका खनिजांची मूल्ये बहुतांशी आकलित असतात आणि तीच कॅल्शियमसाठी कार्बोनेटांशी स्पर्धा करतात. त्यामुळे किती वायू कायम बंदिस्त होईल हे एका संख्येऐवजी पल्ल्याच्या रूपात सांगणे योग्य ठरते. त्यासाठी सर्व मूल्ये त्यांच्या अनिश्चिततेच्या मर्यादेत यदृच्छया बदलून गणित हजारो वेळा करण्याची माँटे कार्लो पद्धती वापरतात.

== मर्यादा व दक्षता ==

* अनिश्चितता एका प्रमाण विचलनाची आहे की दोन, हे संचागणिक भिन्न असते. ते न पाहता केलेली तुलना फसवी ठरते.
* आकलन-सूत्र ज्या खनिजांवरून बसविले त्यांच्याबाहेरील रचनेला लावल्यास प्रत्यक्ष चूक सांगितलेल्या अनिश्चिततेहून बरीच मोठी असू शकते.
* सांख्यिकीय अनिश्चितता केवळ यादृच्छिक चुका दाखविते. नमुन्यातील अशुद्धी, कणांची सूक्ष्मता, अणूंची अव्यवस्था यांसारख्या पद्धतशीर चुका तीत येत नाहीत.
* संगणक प्रणालीतील माहितीसंचात मोजलेली व आकलित मूल्ये शेजारी शेजारी, सारख्याच दशांश स्थळांसह छापलेली असतात. दशांश स्थळांची संख्या हे अचूकतेचे प्रमाण नव्हे.

== हेही पहा ==

* ऊष्मागतिकी
* झिओलाइट
* दख्खनचे पठार
* लघुतम वर्ग पद्धती
* निफाड तालुका